कान आधी, मग जीभ

१९१३ साली केम्ब्रिज विद्यापीठानं परदेशी शाळांतून इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी एक परीक्षा सुरू केली. सगळे पेपर मिळून ती बारा तास चालायची. पहिल्या वर्षी तिला तीनच जण बसले आणि तिघेही नापास झाले. भाषांतर, निबंध, वाङ्मय, व्याकरण, ध्वनिशास्त्र असं सगळं त्या परीक्षेत होतं, आणि त्याशिवाय तोंडी परीक्षा. या तोंडी परीक्षेचा पहिला अर्धा तास श्रुतलेखनाचा होता आणि दुसरा अर्धा तास वाचनाचा व संभाषणाचा. एका माणसाला इंग्रजी येतं की नाही हे ठरवताना आधी त्याचा कान तपासायचा आणि मग जीभ, असा हा क्रम होता. तो मला आजही बरोबर वाटतो.

आज महाराष्ट्रातून शिकायला, नोकरीला किंवा स्थायिक व्हायला परदेशी निघालेल्यांची गाठ पडते ती बहुतेक वेळा आयईएलटीएसशी. केम्ब्रिज, ब्रिटिश कौन्सिल आणि ऑस्ट्रेलियातली आयडीपी ही संस्था अशा तिघांच्या मालकीची ही परीक्षा १९८९पासून चालू आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे तिचे चार भाग. पहिल्या तिन्ही भागांना तुम्ही एकाच बैठकीत तोंड देता. बोलण्याची परीक्षा स्वतंत्र, परीक्षकासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर होते. वाचन-लेखनाचे पेपर विद्यापीठासाठी वेगळे आणि स्थलांतरासाठी वेगळे असतात. ऐकणं आणि बोलणं मात्र सगळ्यांना एकच.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींना या दोनच भागांची धास्ती असते. व्याकरण त्यांचं अनेकदा चांगलं असतं, वाचनही असतं. पण इंग्रजी त्यांनी डोळ्यांनी शिकलेलं असतं. मग तयारीच्या नावाखाली क्लासमध्ये आठवड्याला चार-पाच सराव परीक्षा सोडवायच्या, गुण मोजायचे आणि पुढची परीक्षा उघडायची, असं चक्र सुरू होतं. त्यातून परीक्षेची ओळख होते, कान मात्र होता तिथेच राहतो. म्हणून या प्रकरणात मी कानावर जास्त वेळ घालवणार आहे. कान तयार झाला की बोलण्याचं निम्मं काम झालेलं असतं.

ऐकण्याच्या परीक्षेचा सांगाडा लवकर सांगून टाकतो. चार भाग, प्रत्येकी दहा प्रश्न, एकूण चाळीस, वेळ सुमारे अर्धा तास. पहिल्या भागात रोजच्या व्यवहारातलं दोघांचं संभाषण असतं, म्हणजे खोली भाड्यानं घेणं, वर्गासाठी नाव नोंदवणं असलं काही. दुसऱ्यात एकच माणूस बोलतो, एखाद्या वाचनालयाची किंवा उद्यानाची माहिती देतो. तिसऱ्यात विद्यार्थी आणि शिक्षक एखाद्या प्रकल्पावर चर्चा करतात. चौथ्यात विद्यापीठातलं व्याख्यान असतं आणि ते मध्ये न थांबता सलग चालतं. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळतात, संगणकावर तपासायला फक्त २. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी सोडू नये. चाळीसपैकी साधारण २३ बरोबर आले तर ६ बँड (बँड म्हणजे या परीक्षेची गुणश्रेणी), ३० आले तर ७ आणि ३५ आले तर ८. म्हणजे सातावरून आठावर जायला केवळ पाचएक उत्तरांचा फरक पडतो, आणि ती पाच उत्तरं कुठे निसटतात हे शोधणं म्हणजेच तयारी.

ती बहुतेक वेळा शब्द माहीत नसल्यामुळे निसटत नाहीत. ध्वनिमुद्रणाची छापील संहिता नंतर वाचली तर विद्यार्थी म्हणतो, ‘अरे, हे सगळे शब्द मला येतात!’ येतात, पण पानावर. पानावर दोन शब्दांमध्ये जागा असते, बोलण्यात ती नसते. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ हे सहा शब्द इंग्रज माणसाच्या तोंडून ‘वॉचा गना डू’ असे एका दमात बाहेर पडतात. ‘कप ऑफ टी’मधला ‘ऑफ’ जवळजवळ नाहीसा होतो आणि उरतं ते ‘कपअटी’.

याचं कारण इंग्रजीच्या चालीत आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा मान देतो. ‘महाराष्ट्राला’ म्हणताना एकही स्वर गिळत नाही. इंग्रजी मात्र आघातावर चालते. शब्दातलं एखादं अक्षर ठासून उच्चारलं जातं आणि बाकीच्यांचे स्वर विरून एका अस्पष्ट ‘अ’मध्ये मिसळतात. हा अस्पष्ट ‘अ’ इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा स्वर आहे, पण त्याला स्वतःचं अक्षर नाही, म्हणून पुस्तकातून शिकणाऱ्याला तो कधी भेटतच नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर आहे. ‘फटॉग्रफर’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि आधीचा ‘फो’ ‘फ’ होऊन जातो. हे माहीत नसलेल्याला दुसरा शब्द अनोळखीच वाटणार.

ॲन कटलर या भाषामानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात सहकाऱ्यांबरोबर या विषयावर महत्त्वाचं काम केलं. इंग्रजी ऐकणारा माणूस सलग आवाजातून शब्द वेगळे कसे करतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना आढळलं की ठसठशीत अक्षर आलं की नवा शब्द सुरू झाला असं इंग्रज कान गृहीत धरतो, आणि इंग्रजीतले बहुसंख्य नेहमीचे शब्द आघातयुक्त अक्षरानंच सुरू होत असल्यामुळे हा अंदाज सहसा बरोबर ठरतो. आपल्या कानाला ही सवय नसते, कारण मराठीत तिची गरज पडत नाही. आपण प्रत्येक अक्षर पकडू पाहतो, दोन निसटली की घाबरतो, आणि तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं. म्हणून कानाला पहिली शिकवण द्यायची ती ही: ठसठशीत अक्षरांवर पाय ठेवत पुढे जायचं आणि मधली पुसट अक्षरं व्याकरणाच्या आधारानं भरून काढायची.

ही शिकवण देणारं साधन आपल्या शाळांत होतं आणि अजूनही काही ठिकाणी आहे: श्रुतलेखन. बाई वाक्य वाचणार, आपण पाटीवर किंवा वहीत लिहिणार, मग अदलाबदल करून तपासणार. आयईएलटीएसच्या तयारीत मी श्रुतलेखनाला सगळ्यांत वरची जागा देतो. त्याची पद्धत सांगतो. एक-दीड मिनिटाचा असा तुकडा निवडा ज्याची छापील संहिता उपलब्ध आहे. केम्ब्रिजनं प्रसिद्ध केलेल्या सराव संचांच्या मागे ती असते, बीबीसी लर्निंग इंग्लिशच्या ‘सिक्स मिनिट इंग्लिश’सारख्या कार्यक्रमांनाही असते. तुकडा एकदा सलग ऐका. मग वाक्यावाक्याला थांबवून जे ऐकू येईल ते पूर्ण लिहा. एखादी जागा पाच-सहा वेळा ऐकूनही कळली नाही तर रेघ मारून पुढे जा. शेवटी संहितेशी ताडून लाल पेननं दुरुस्त करा.

या लाल खुणांना फार किंमत आहे, कारण त्या तुमचा कान कुठे कच्चा आहे ते नेमकं सांगतात. कुणाचे शब्दाअखेरचे ‘स’ आणि ‘ड’ सुटतात, म्हणजे अनेकवचन आणि भूतकाळ हातचा जातो. परीक्षेत ‘टिकिट्स’च्या जागी ‘टिकिट’ लिहिलं तर गुण गेला. कुणाला ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ वेगळे ऐकू येत नाहीत. बोलताना होकारार्थी ‘कॅन’ आक्रसून ‘क्न’ एवढाच उरतो आणि नकारार्थी शब्द पूर्ण उच्चारला जातो, त्यामुळे स्वर ठळक ऐकू आला तर नकार समजावा. कुणाची गाडी ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’वर अडते. तिथे शेवटचा ‘न’ शोधत बसू नये, आघात ऐकावा. ‘थर्टी’त तो नेहमी पहिल्या अक्षरावर असतो, ‘थर्टीन’मध्ये बहुधा दुसऱ्यावर. महिनाभर रोज वीस मिनिटं हे केलं की आपल्या चुकांची एक ठरावीक यादी हाताशी येते, आणि यादी हाताशी आली की तिच्यावर काम करता येतं.

श्रुतलेखन आणि सराव परीक्षा मात्र एकमेकांत मिसळू नका. श्रुतलेखनात हवं तितक्या वेळा ऐका. सराव परीक्षा एकदाच ऐकायची, मध्ये थांबवायची नाही, घरात कुणी हाक मारली तरी. आठवड्याला अशी एक परीक्षा पुरे आहे, पण ती सोडवल्यावर चुकलेल्या प्रत्येक उत्तराची जागा संहितेत शोधून तेवढ्या भागाचं श्रुतलेखन करा.

ऐकण्याच्या परीक्षेच्या पहिल्या भागात नावं, पत्ते, फोन नंबर, तारखा अक्षरशः लिहून घ्यायच्या असतात, आणि तो सोपा समजून मुलं तिथेच गुण घालवतात. फोन नंबरमधला शून्य ‘ओ’ म्हणून येतो, दोन सारखे आकडे आले की ‘डबल’ म्हणतात. अक्षरांमध्ये ‘जी’ आणि ‘जे’ यांची गल्लत होते. शिवाय बोलणारा स्वतःचंच म्हणणं बदलतो. मंगळवारी येतो असं सांगून, नको, त्या दिवशी माझी दुसरी भेट आहे, बुधवारी येतो, असं म्हणतो. मंगळवार ऐकताच ज्यानं लिहून टाकला आणि कान मिटले, त्याचं उत्तर चुकलं. प्रश्नातले शब्द आणि ध्वनिमुद्रणातले शब्दही सहसा सारखे नसतात. प्रश्नात ‘स्वस्त’ असेल तर बोलणारा ‘फारसा खर्च येणार नाही’ असं म्हणेल. म्हणून प्रश्न वाचायला मिळणाऱ्या अर्ध्या मिनिटात रिकाम्या जागी काय येऊ शकतं याचा अंदाज बांधायचा: नाव की आकडा, एकवचन की अनेकवचन, आणि हीच गोष्ट आणखी कशा शब्दांत सांगता येईल. उत्तरं प्रश्नांच्या क्रमानंच येतात. एक हुकलं तर त्याचा शोक न करता नजर पुढच्या प्रश्नावर न्यायची. शब्दमर्यादा पाळायची, दोन शब्द सांगितले असतील तर तीन लिहिले की शून्य. स्पेलिंग ब्रिटिश चालतं, अमेरिकन चालतं, चुकीचं चालत नाही.

आता उच्चारांच्या तऱ्हा. या परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि उत्तर अमेरिकन आवाज असतात. ऑस्ट्रेलियन माणसाचा ‘डे’ आपल्या कानाला ‘डाय’सारखा लागतो, त्यामुळे तो नावाचं स्पेलिंग सांगू लागला की ‘ए’ आहे की ‘आय’ असा गोंधळ होतो. न्यूझीलंडचा माणूस ‘सिक्स’ म्हणाला की ‘सक्स’ ऐकू येतं आणि त्याचा ‘पेन’ ‘पिन’कडे झुकतो. याची सवय करायला एक साधन महाराष्ट्रात घरोघरी आहे, ते म्हणजे क्रिकेटचं इंग्रजी समालोचन. न्यूझीलंडचे इयन स्मिथ, इंग्लंडचे मायकेल आथर्टन, ऑस्ट्रेलियाचे ॲडम गिलख्रिस्ट यांचे आवाज आपण सामना बघताना कितीदा तरी ऐकतो. विषय ओळखीचा, शब्द ओळखीचे, चित्र समोर. फक्त उच्चार नवा. कानाला सवय लावायला यापेक्षा सोयीची परिस्थिती मिळणार नाही. एक षटक लक्ष देऊन ऐका आणि ऐकलेलं वाक्य समालोचकाच्या चालीत, त्याच्यामागोमाग लगेच म्हणून पाहा. ऐकता ऐकता म्हणण्याचा हा सराव दुभाष्यांच्या प्रशिक्षणातही करून घेतात. इथे कान आणि जीभ एकत्र कामाला लागतात, आणि इथूनच बोलण्याची तयारी सुरू होते.

त्याच समालोचनात सुनील गावसकरही बोलतात. त्यांचं इंग्रजी भारतीय आहे, ते त्यांनी लपवलेलं नाही, आणि जगभरातल्या प्रेक्षकांना ते स्पष्ट कळतं. परदेशी उच्चाराची नक्कल करण्यात महिनोन्महिने घालवणाऱ्या मुलांनी हे नीट ध्यानात घ्यावं. बोलण्याच्या परीक्षेत चार गोष्टींना समान गुण आहेत: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. उच्चारात पाहतात ते ऐकणाऱ्याला सायास न पडता कळतं का. मराठी वळण दिसलं म्हणून गुण जात नाहीत. तरी काही ठिकाणी खरंच अडचण होते, तेवढीच सुधारावी. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यात असतं, बोलण्यात बहुतेकांच्या ते उरत नाही. इंग्रजीत मात्र ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. आपला एकच ‘व’ ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ या दोन्ही शब्दांना पुरवला जातो. दुसऱ्या शब्दासाठी ओठ शीळ घातल्यासारखे गोल करावे लागतात. शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ इंग्रजीत किंचित फुंकर घालून उच्चारतात. ती फुंकर नसली तर आपला ‘पिन’ इंग्रज कानाला ‘बिन’ वाटू शकतो. उलट ‘बँक’मधला आणि ‘कॉफी’तला स्वर मराठी जिभेला सहज येतो.

मुलाखत ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचं ध्वनिमुद्रण होतं. पहिली चार-पाच मिनिटं घर, गाव, काम, आवडीनिवडी यांवर प्रश्न. मग एक कार्ड हाती देतात, त्यावर विषय आणि दोन-चार मुद्दे असतात. एक मिनिट विचाराला आणि टिपणं काढायला, आणि मग एक ते दोन मिनिटं एकट्यानं बोलायचं. शेवटची चार-पाच मिनिटं त्याच विषयाला धरून व्यापक चर्चा. दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतो. तो नियमच आहे, त्यावरून आपलं काही चुकलं असं समजू नये. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगावं. तुमचं मत परीक्षकाला पटतं की नाही याला गुण नसतात.

आपल्याकडच्या मुलांचं इथे एका वेगळ्याच गोष्टीमुळे नुकसान होतं. मोठ्या माणसानं विचारलं की थोडक्यात उत्तर द्यावं, जास्त बोलू नये, हा संस्कार घरात होतो. तो चांगलाच आहे, पण परीक्षक तुमचं इंग्रजी मोजायला बसला आहे आणि ‘येस सर, आय लाइक इट’ एवढ्यात त्याला मोजायला काही मिळत नाही. आवडतं म्हटलं की का आवडतं, कधीपासून, एखादा प्रसंग, असं दोन-तीन वाक्यं पुढे जायचं.

याच्या नेमकं उलट टोक म्हणजे पाठांतर. क्लासच्या झेरॉक्समधून मिळालेली उत्तरं, पाऊस पडला की ‘कॅट्स अँड डॉग्ज’ आलेच पाहिजेत असे ठासून भरलेले वाक्प्रचार. परीक्षकांना पाठ केलेलं उत्तर ओळखण्याचं प्रशिक्षण असतं, आणि ते त्यांना लगेच कळतं, कारण पाठ केलेलं बोलताना चाल एकसुरी होते आणि पुढच्या साध्या प्रश्नाला तोच विद्यार्थी अडखळतो. मला या झेरॉक्सचा राग येतो, कारण ज्यांच्याकडे पैसे आणि वेळ दोन्ही कमी असतात तेच विद्यार्थी त्यांवर विसंबतात.

समजा कार्डावर आलं: तुम्ही ज्यांच्याकडून काही शिकलात अशा वडीलधाऱ्या व्यक्तीबद्दल सांगा. कराडकडच्या मुलानं पाठ केलेला थोर पुरुष बाजूला ठेवून आपल्या आजोबांबद्दल आणि त्यांच्या गुऱ्हाळाबद्दल बोलावं. गुऱ्हाळाला इंग्रजीत नेमका शब्द सापडला नाही तर तो म्हणेल, ‘अ स्मॉल शेड व्हेअर वी बॉइल शुगरकेन ज्यूस टु मेक जॅगरी.’ काहील आली की म्हणेल, ‘अ ह्यूज फ्लॅट आयर्न पॅन.’ नेमका शब्द नसताना वळसा घालून अर्थ पोचवता येणं हे शब्दसंपत्तीच्या निकषातच मोडतं, त्याला गुण आहेत. आणि जे स्वतः पाहिलं आहे ते सांगताना माणूस काय सांगू याचा विचार करायला थांबतो, शब्द शोधायला कमी थांबतो. गुणांच्या निकषांत या दोन थांबण्यांत फरक केला आहे. वरच्या बँडला विचारासाठी घेतलेला विराम चालतो. दर वाक्याला शब्दासाठी अडणं खालच्या बँडचं लक्षण धरलं जातं. टिपणं काढताना वाक्यं लिहू नयेत, पाच-सहा शब्द पुरतात, आणि गोष्ट जुनी असेल तर कोपऱ्यात भूतकाळाची एक खूण करून ठेवावी.

ओघासाठी न्यूझीलंडच्या पॉल नेशन या भाषाशिक्षकानं प्रचारात आणलेला एक सराव फार उपयोगी आहे. एकाच विषयावर आधी चार मिनिटं बोलायचं, मग तेच दुसऱ्या माणसाला तीन मिनिटांत सांगायचं, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. आशय तोच राहतो, त्यामुळे दर फेरीला डोकं भाषेकडे मोकळं होतं आणि वेग आपोआप वाढतो. ऐकायला तीन माणसं नसतील तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि तिसऱ्या फेरीचं स्वतःच श्रुतलेखन करा. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘डिस्कस अबाउट’ अशा मराठीच्या वळणानं किंवा सवयीनं आलेल्या चुका बोलताना कळत नाहीत, लिहून काढल्या की डोळ्यांसमोर येतात.

परिचारिकांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. त्याऐवजी ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीची परीक्षाही तिथे चालते, आणि रुग्णालयात काम केलेल्या अनेकींना ती जवळची वाटते. तिच्या ऐकण्याच्या भागात रुग्ण आणि डॉक्टर किंवा नर्स यांचं बोलणं ऐकून नोंदी पूर्ण करायच्या असतात. वॉर्डात हँडओव्हर घेणाऱ्या बाईला हे काम नवीन नाही, भाषा तेवढी नवी आहे. बोलण्याच्या भागात दोन प्रसंग, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे. समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होतो, तुम्ही नर्स. तो गुण देत नाही, ध्वनिमुद्रण ऐकून दुसरे देतात. भाषेबरोबर तिथे हेही पाहतात की तुम्ही रुग्णाची भीती ऐकून घेतली का, माहिती टप्प्याटप्प्यानं दिली का, त्याला कळलं का हे विचारलं का. इंजेक्शनला घाबरलेल्या आजीला मराठीत समजावताना जे करता तेच इथे इंग्रजीत करायचं आहे. म्हणून सरावासाठी मैत्रिणीला रुग्ण बनवा, तिला मधेच अडवायला, नकार द्यायला, रडायला सांगा, आणि तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तोंड उघडू नका.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवे शब्द पाठ करणं बंद करावं. रोज एक तुकडा सलग ऐकावा, आपल्या लाल खुणांची यादी वाचावी, एका विषयावर दोन मिनिटं बोलावं. बोलण्याची परीक्षा असेल त्या दिवशी सकाळपासून घरच्यांशीही इंग्रजीतच बोलावं. त्यांना उत्तर मराठीत देऊ द्या, पण तुमची जीभ केंद्रावर पोचेपर्यंत इंग्रजीच्या चालीत राहायला हवी, कारण मुलाखतीची पहिली दोन मिनिटं तिला सैल करण्यात घालवली तर ती परत मिळत नाहीत.